ठेवणीतलं तोंड

मला लोकांच्या तोंडाची किळस येते. दातांच्या दवाखान्यात नोकरी करणाऱ्या बाईने असं बोलू नये म्हणतात. पण येते, त्याला मी काय करू?

बारावीला मार्कांनी दगा दिला, डेंटिस्ट होणं राहिलं, आणि आईने कुठून तरी शोधून काढलेल्या डेंटल हायजीनच्या दोन वर्षांच्या कोर्सला मी घोडबंदर रोडवरच्या एका कॉलेजात दाखल झाले. दात खरवडून साफ करायचे, हिरड्या तपासायच्या, लोकांना ब्रश कसा धरायचा ते शिकवायचं, असं हे काम. डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगमध्ये आईने "मुलगी दातांची डॉक्टर होतेय" असं सांगून टाकलं होतं. मीही ते दुरुस्त करायला गेले नाही.

सुरुवातीचे काही महिने प्लास्टिकच्या जबड्यावर शिकलो. प्लास्टिकला वास नसतो. मग खरी माणसं आली. तंबाखू, चुना, कालचा कांदा, आणि या सगळ्याच्या खाली हिरड्यांतल्या पुवाचा तो गोडसर वास. मशीन लावलं की पाण्याचा फवारा उडायचा आणि त्यातून किटणाचे कण माझ्या चष्म्यावर, मनगटावर, एकदा तर मास्कच्या कडेने थेट ओठावर. किटण म्हणजे दातांवर वर्षानुवर्षं साचून दगड झालेली घाण. बंबाच्या आत क्षार धरतो, तसं. त्या दिवशी आईने डब्यात भरपूर खोबरं घालून पोहे दिले होते. झाकण उघडलं आणि लगेच लावलं. घरी जाऊन सांगितलं, कॅन्टीनमध्ये जेवले.

वासाची सवय होते. मला जास्त शिसारी आली ती आमच्या वर्गातल्या एका रिवाजाची. शेवटच्या प्रॅक्टिकलला ज्याने त्याने आपला पेशंट आपण आणायचा असतो. तोंड जितकं घाण, तितकं तुमचं काम उठून दिसतं आणि तितके मार्क. स्वच्छ दातांचा पेशंट आणणारी पोरगी परीक्षकासमोर करणार काय, कपाळ? म्हणून सीनियर मुली पहिल्या वर्षीच कानमंत्र द्यायच्या: एक छानसं घाण तोंड हेरा आणि बाजूला ठेवा. परीक्षेपर्यंत कोणालाही हात लावू देऊ नका. ठेवणीतली साडी असते ना, तसा ठेवणीतला पेशंट. शिकवणाऱ्यांना हे सगळं ठाऊक होतं. कोणी काही बोलत नसे, कारण तेही असेच पास झालेले.

मी मला हवं ते तोंड भाऊबीजेला हेरलं. आंबिवलीचा माझा मामा आईकडे ओवाळून घ्यायला आला होता. त्याची पिठाची गिरणी होती, आणि दिवसभर पिठात उभं राहायचं म्हणून गालात तंबाखू. जेवण झाल्यावर मी त्याला गॅलरीत नेलं, मोबाईलचा टॉर्च लावला आणि म्हटलं, आ कर. खालच्या पुढच्या दातांमागे किटणाची अख्खी भिंत होती. काळपट, सलग, या दातापासून त्या दातापर्यंत. मला मळमळलं आणि त्याच क्षणी हरखून जायला झालं. असं तोंड आमच्या अख्ख्या बॅचमध्ये कोणाकडे नव्हतं.

"चूळ भरताना रक्त येतं गं," मामा म्हणाला. "आता तू शिकलीसच आहेस, तर टाक की साफ करून."

"आत्ता नको, मामा. माझ्या परीक्षेला ये. तोवर कुठे दाखवू नकोस."

"जशी तुझी मर्जी. भाचीच्या परीक्षेला माझं थोबाड कामाला येतंय, आणि काय पाहिजे!"

परीक्षा उन्हाळ्यात होती, ती पुढे ढकलली, मग परत ढकलली. मध्ये मामाचा फोन आला. स्टेशनजवळ नवीन दवाखाना निघालाय, तो स्वस्तात साफ करून देतोय, जाऊ का? मी जवळजवळ ओरडलेच. "मामा, प्लीज! माझं वर्ष जाईल." तो गेला नाही. महिन्याभराने पुन्हा फोन. "अगं, भाकरी तोडताना खालचा एक दात हलल्यासारखा वाटतो."

हे लिहायला जड जातं, पण लिहितेच. दात हलतो म्हणजे आत काय चाललंय, ते मला त्या दिवशी पक्कं माहीत होतं. त्याच आठवड्यात आमचा तो धडा झाला होता. हिरडी सुटते, आतलं हाड झिजत जातं, आणि झिजलेलं हाड परत येत नाही. मी फोनवर म्हटलं, "मऊ खा."

परीक्षेला मामा इस्त्रीचा शर्ट घालून आला. दोन दिवस ब्रश करू नकोस म्हणून मी सांगितलं होतं; त्याने आपल्या मनाने चार दिवस केला नव्हता. बसमध्ये शेजारच्याला त्रास नको म्हणून ठाण्यापासून तोंडावर रुमाल धरून आलेला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आरशाने आत पाहिलं आणि खूश झाले. "वा, छान केस आणलीस." मामाने खुर्चीतूनच मला अंगठा दाखवला.

मी काम सुरू केलं. ती भिंत एका जागी तडकली आणि मोठा तुकडा जिभेवर पडला. मागोमाग हाताखाली दोन दात हलले. त्यांना धरून ठेवायला त्या घाणीखेरीज काही उरलंच नव्हतं. मामाने चूळ भरली, लाल गुळणी टाकली आणि म्हणाला, "मोकळं मोकळं वाटतं गं."

परीक्षकांनी ते दोन दात बोटाने हलवून पाहिले. त्यांचा चेहरा बदलला. "हे काही राहत नाहीत. रक्त कधीपासून येतं?"

"झालं वर्ष, साहेब."

"वर्षभर काय झोपला होतात? तुम्हा लोकांना स्वतःच्या शरीराची लाज नाही. तोंडाचं गटार होईपर्यंत थांबायचं आणि मग आमच्याकडे यायचं!" असं बराच वेळ चाललं. मामा एप्रन बांधलेल्या अवस्थेत मान खाली घालून ऐकत होता. एकदाच त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. "चुकलं साहेब," तो म्हणाला, "आळस केला." मी हातात ट्रे धरून उभी होते. ट्रेमध्ये ते किटण, रक्ताचे बोळे. त्या क्षणी मला माझीच घाण वाटली. तरी तोंडातून शब्द काढला नाही. मार्कांचा कागद अजून त्यांच्या हातात होता.

वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मला पडले.

महिन्याच्या आत मामाचे दोन्ही दात गेले. मी आंबिवलीला पेढे घेऊन गेले, तेव्हा मामीने पेढ्याला हातही लावला नाही. "साफ केले म्हणून पडले. हलवून ठेवलेस तू." लोकांचा हा गैरसमज कसा दूर करायचा, हे आम्हाला रीतसर शिकवलेलं असतं. मी तेच म्हटलं: मामी, साफ केल्याने दात पडत नाहीत, साफ न केल्याने पडतात.

"तिचं बरोबर आहे," मामा म्हणाला. "डॉक्टर मला तोंडावर बोलले ना. माझाच आळस."

मला वाटलं, माझ्यासाठी खोटं बोलतोय. मी त्याच्याकडे नीट पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता. त्या माणसाने इतकं फाडफाड सुनावलं होतं की मामाला आता तेच खरं वाटत होतं. गॅलरीतला टॉर्च, फोनवरचं माझं बोलणं, काही काही त्याच्या हिशेबी राहिलं नव्हतं.

"मी आधीच आलो असतो, तर वाचले असते का गं?" त्याने विचारलं.

"हो मामा," मी म्हटलं. "लवकर यायला हवं होतंस."