गच्चीवरचा डबा

आमच्या ठाण्याच्या इमारतीच्या गच्चीवर नव्वद सालच्या सुमारास एक भाडेकरू रोज संध्याकाळी हौशी रेडिओ, म्हणजे जगभरच्या अनोळखी लोकांशी बोलायचं यंत्र, घेऊन बसे. नाव मी कधी विचारलं नाही. आकार जेवणाच्या डब्याएवढा, पण सगळ्या बँडांवर बोलणारं. मंगळावर कोणी घरी असतं, तर त्यालाही ऐकू गेलं असतं. मात्र एकेका बटणाला पाच-पाच कामं. आवाज वाढवायला जावं, तर देशच बदले. आणि तापे इतकं, की मी स्वतः त्यावर पापड भाजलाय.

जगातून एकाने तरी उत्तर द्यावं, एवढीच त्याची आस. महिनाभर नुसती खरखर. त्यात शेजारच्या कोळीण आजीने त्याच्या एरियलच्या तारेवर बोंबील वाळत घातले. त्याने ते उतरवून दोरीवर नीट मांडले आणि पुन्हा हाका मारायला बसला.

"कुनी बोललं का रं?" आजी रोज विचारी.

"नाही आजी. पण मी गप्प बसलो, तर मी आहे हे ऐकणाऱ्याला कळणार कसं?"

एका संध्याकाळी खरखरीतून एक जपानी माणूस बोलला. आमच्या गड्याने वळून आजीकडे पाहिलं.

"अरे, इचार त्याला," आजी म्हणाली, "जेवला का?"

त्याने इंग्रजीत तेच विचारलं. उत्तर आलं: मासे आणि भात.

आजीने बोंबील उलटवले. "मंग आपलाच हाय तो."