वहिनीची बिनआवाजाची बोट

या बोटीवर चमचा वाजला तर तो माझ्या हातून, वहिनीच्या हातून कधीच नाही. माझा थोरला भाऊ, दादा, इथला कप्तान. वहिनी स्वयंपाकापासून अंथरुणापर्यंत सगळं बघते आणि मी पडेल ते काम करतो. प्रवासी दोघंच, मालक आणि मालकीणबाई. शिडांच्या जोरावर महासागर ओलांडायचा त्यांचा जुना हट्ट, पण हाल सोसायची तयारी नाही. म्हणून बोटीत गरम पाण्याचा शॉवर आहे, गुबगुबीत गाद्या आहेत आणि वहिनी आहे.

वहिनीचे वडील रात्रपाळीला जायचे. घर एका खोलीचं आणि दिवसा बाप झोपलेला, त्यामुळे ही भावंडं भांडायचीसुद्धा कुजबुजत. पातेलं ठेवायचं ते फडक्यावर, दार लावायचं ते हात मध्ये धरून. ती सवय तिच्याबरोबर सासरी आली आणि तिथून बोटीवर. दादा तिला मांजर म्हणतो. तू चोर झाली असतीस तर घराण्याचं भलं झालं असतं, असं मी एकदा म्हणालो, तर म्हणाली, भावजी, आधी घरात चोरण्यासारखं काहीतरी आणा.

शिडाची बोट म्हणजे सतत कटकट. लाटेसरशी कप किणकिणतात, झाकणं थरथरतात, कुठलंतरी कपाट ठकठकत राहतं. त्यात मालकांची झोप भलती सावध. रोज सकाळी त्यांचे लाल डोळे बघून वहिनीने ते मनावर घेतलं. एक जुनं कांबळं कापून त्याचे तुकडे केले आणि एकेक आवाज हुडकून त्याचं तोंड बंद केलं. कपांच्या मध्ये, बिजागऱ्यांत, फळ्यांच्या फटीत, जिथे सापडेल तिथे कांबळं. मग एकदा मालक नाश्त्याला म्हणाले की घरीसुद्धा इतकी छान झोप लागत नाही. त्या दिवशी वहिनी दिवसभर गुणगुणत होती, तेही ओठातल्या ओठात.

दादाला मात्र हे मानवेना. तो भिंतीला डोकं टेकवून झोपतो, बोटीचं काय चाललंय ते त्याला झोपेतही कळतं. थोडं वाजू दे गं, असं तो तिला म्हणाला होता. तिला वाटलं, चेष्टा करतोय. मलाही तसंच वाटलं.

पुढे तो चिडचिडाच झाला. वारा चांगला, शिडं भरलेली, आणि हा माणूस जेवताना घास हातात धरून थांबायचा. काय ऐकतोस विचारलं तर म्हणायचा, काहीच नाही, तेच तर. मला रागच यायचा. सगळं सुरळीत चाललेलं याला बघवत नाही, असं वाटायचं.

काल दुपारी सुकाणू जड लागायला लागलं. दादाने मालकांच्या पलंगावरची गादी उचलली, खालची फळी काढली, तर आत समुद्राचं पाणी. सुकाणूचा जाड दांडा तिथे तळातून वर येतो. त्याला धरून ठेवणारी लोखंडी चौकट प्रत्येक लाटेला हलत होती, तिचे बोल्ट तुटले होते. चौकट आणि फळी यांच्यामध्ये कांबळ्याचा एक तुकडा होता, नीट घडी घालून बसवलेला.

दादाने तो काढून पिळला. त्याचा आवाज चढला नाही, आणि मला त्याचीच भीती वाटली.

"इथे कधीपासून वाजत होतं?"

"बेटं दिसत होती ना, तेव्हापासून," वहिनी म्हणाली. "टक टक करायचं. मला वाटलं, फळीच आहे."

त्या बेटांवर दुरुस्ती झाली असती. आता मागे जायचं म्हटलं तरी तेवढंच लांब आणि पुढेही तेवढंच. दांडा उखडला तर तळाला ताटाएवढं भोक पडेल आणि ते बुजवायला आमच्याकडे गुबगुबीत गाद्या आहेत. वहिनीला सुनावायचे चार शब्द अगदी ओठावर आले होते. तिचा चेहरा बघितला आणि गिळले.

ती उठली आणि बोटभर फिरून तिने सगळं कांबळं उपटून काढलं. सगळीकडून खडखडाट सुरू झाला. मालकांनी चकार शब्द काढला नाही.

आता दादाने चौकट दोरांनी आवळलीय, शिडं कमी केलीत. दोर पक्के आहेत तोवर चौकट एकाच जागी आपटेल, दर लाटेला एकच ठोका येईल, असं तो म्हणतो. म्हणून वहिनी उघड्या फळ्यांवर दांड्याला कान लावून बसलीय, मी शेजारी पंप मारतोय. मालकीणबाई तिच्यासाठी स्वतः चहा करून आणतात. बशीत कप वाजला की आम्ही सगळेच दचकतो. दादा वर सुकाणूपाशी आहे. मधूनमधून खाली ओरडून विचारतो, एकच आहे ना गं? ती म्हणते, एकच आहे.

आत्ताही त्याने विचारलं. उत्तर आलं नाही. मी पंप थांबवला. त्याने पुन्हा विचारलं.

"नाही," वहिनी म्हणाली. "आता दोन येतायत."