आईला उत्तर देणारा

तो नक्की काय काम करतो, हे त्याच्या आईला कधी धड सांगता आलं नाही. शेजारच्या काकूंनी विचारलं की ती म्हणायची, "खोलीएवढे मोठे फ्रीज असतात ना, त्यांना ताप किती, ते हा इथे बसून विचारतो." यात चूक काहीच नव्हती. परदेशातल्या शीतगोदामांत फळं, औषधं ठेवतात. तिथल्या प्रत्येक खोलीचं तापमान दूरच्या कचेरीत दिसावं, असा प्रोग्राम तो लिहायचा आणि बसवायला स्वतः जायचा. गोदामं नेहमी आडबाजूला, आणि आडबाजूला कसलं आलंय नेट! म्हणून त्याची सगळी करामत एकाच गोष्टीत होती. नेट गेलं, तरी पलीकडच्याला ते गेल्याचं कळता कामा नये. नट वाक्य विसरला तरी प्रेक्षकांना पत्ता लागू देत नाही, तसं. या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

घरी मात्र ही कला चालत नसे. आईचा दंडक होता, जगाच्या पाठीवर कुठेही अस, रोज संध्याकाळी "जेवलो" एवढं कळव. बाबा शिंपी. दिवसभर पाय मशीनच्या पायडलवर आणि तोंडात टाचण्या. टाचण्या काढून ते म्हणायचे, "अगं, घोडा झालाय तो आता."

"घोड्याला भूक लागत नाही वाटतं?"

बाबा टाचण्या परत तोंडात घालायचे.

मागच्या दौऱ्यात नेट गेलं आणि निरोप चुकला. आईने त्याच्या ऑफिसात फोन करून करून सगळ्यांना सळो की पळो करून सोडलं. तो परतल्यावर साहेब सर्वांदेखत म्हणाले, "या, या! तुमच्या मातोश्रींनी आमची झडतीच घेतली हो. टेबलाखालीसुद्धा शोधायला लावलं." सगळे खो खो हसले. तोही हसला, पण कान लाल झाले.

पुढच्या दौऱ्याआधी त्याने आईसाठी तेच केलं, जे तो गोदामांसाठी करत आला होता. ऑफिसातल्या संगणकावर आपलं मेसेजचं खातं उघडं ठेवलं आणि त्यावर एक लहानसा प्रोग्राम बसवला. संध्याकाळ झाली की तो आपणहून लिहायचा, "जेवलो. ठीक आहे. तू जेवलीस का?" आणि आईने काही विचारलं, तर मुलाच्याच जुन्या उत्तरांतलं एखादं शोधून द्यायचा. त्याने करून पाहिलं. "मिक्सर नवा घेऊ का?" असं टाकल्याबरोबर उत्तर आलं, "घाई करू नकोस. मी आलो की बघू." हुबेहूब तोच!

पोराच्या मनात पाप नव्हतं. आईचा जीव टांगणीला लागू नये, एवढंच त्याला हवं होतं. बदली नट उभा करणाराही नाटक वाचवायलाच निघालेला असतो. नेट मिळेल तिथे आईचं सगळं वाचायचं, असं त्याने स्वतःला बजावलं होतं. पहिल्या दोन गोदामांत त्याने ते पाळलंही.

तिसरं गोदाम डोंगरात होतं. तो पोचला आणि मागे दरड कोसळली. रस्ता गेला, दरडीसोबत मोबाइलचा टॉवरही गेला. रोज सकाळी तो गोदामाच्या पत्र्यावर चढून फोन आभाळाकडे धरायचा. तिथला म्हातारा राखणदार खालून मोडक्यातोडक्या इंग्रजीत ओरडायचा, "उतरा, साहेब! नेट इथे पाहुणं आहे. येतं, चहा पितं, जातं. सध्या रुसलंय."

संध्याकाळ झाली की तो मनाशी म्हणायचा, घरी निरोप पोचला असेल. मग त्याला जेवण गोड लागायचं.

रस्ता मोकळा झाला तेव्हा तो एका ट्रकमधून खाली उतरू लागला. एका वळणावर खिशातला फोन थरथरायला लागला, तो थांबेचना. आईचं आणि त्याचं संभाषण त्याने उघडलं. कधीही न केलेल्या भूमिकेची संहिता हातात यावी, तसं.

"बाबांच्या पायावर कात्री पडली होती. अंगठा काळा पडलाय."

"काळजी घे. मी ठीक आहे."

"डॉक्टर म्हणतात, साखरेमुळे चिघळलंय. अंगठा लगेच काढायला हवा. काढू का?"

"घाई करू नकोस. मी आलो की बघू."

"ते म्हणतात, वर चढेल. तुझा फोन लागत नाही रे. सही करू का?"

"घाई करू नकोस. मी आलो की बघू."

"बरं. मग थांबते."

त्याखाली बरंच काही होतं. शेवटी, "आत नेलंय."

त्याने फोन लावला. आई म्हणाली, "गुडघ्याखाली काढला, बाबू," आणि लाइन तुटली. मग बस, विमानतळ, विमान. ऑफिसातला प्रोग्राम बंद करायचं त्याच्या ध्यानातही राहिलं नाही.

वॉर्डात शिरला तेव्हा ऊन कलत होतं. बाबांना गुंगी होती. चादर एका बाजूला उंच, दुसऱ्या बाजूला मध्येच सपाट. आणि त्या सपाट बाजूची मांडी हलत होती, एका लयीत, खाली पायडल असल्यासारखी.

आईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "वाळलास. डॉक्टर किती चिडले माझ्यावर! मी म्हटलं, माझा मुलगा थांब म्हणाला म्हणजे काही विचार करूनच म्हणाला असेल."

त्याने नजर खाटेखाली वळवली. बाबांचं लघवीचं भांडं भरलं होतं. ते दोन्ही हातांनी उचलून तो वळला, तोच आईचा फोन वाजला. आई मेसेज नेहमी मोठ्याने वाचायची. तिने चष्मा लावला.

"जेवलो. ठीक आहे. तू जेवलीस का?"

तिने फोनवरचं नाव पाहिलं. मग त्याचे दोन्ही हात पाहिले.

"हे कोण रे?"

भांडं खाली ठेवून त्याने सगळं सांगितलं. मध्ये तिने एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे सही करू का, हे मी कोणाला विचारत होते?"

त्याने बॅग जवळ ओढली.

"बंद कर ते."

त्याने लॅपटॉप उघडला. वॉर्डाचं नेट लागेना. त्याच्या फोनमध्ये अजून परक्या देशाचं सिम होतं. मान खाली घालून तो म्हणाला, "आई, तुझ्या फोनचं नेट लागेल."

तिने फोन पुढे केला, पण दिला नाही. "थांब." एका बोटाने, अक्षर शोधत शोधत तिने लिहिलं, बाबांचा पाय गेला. दोघं त्या उजळ काचेकडे बघत राहिली.

"बरं. काळजी घे. मी ठीक आहे."

आईने ते मोठ्याने वाचलं नाही. फोन त्याच्या हातात दिला आणि बाबांच्या हलत्या मांडीवर आपला तळवा ठेवून बसली. मांडी तरीही हलतच होती.