जपून ठेवलेला राऊटर

जानेफळजवळच्या एका छोट्या दवाखान्याचं नेटवर्क मी उभारलं, तेव्हा मला स्वतःचंच फार कौतुक वाटलं होतं. दोन राऊटर, दोन स्विच, वेगवेगळ्या रस्त्यांनी आणलेल्या दोन लाइनी. एक बंद पडला की दुसऱ्याने आपोआप काम उचलायचं. ईसीजी शहरातल्या तज्ज्ञांनी पाहून होकार दिल्याशिवाय इथल्या डॉक्टरीणबाई हार्ट अटॅकवरचं मोठं इंजेक्शन देत नसत, म्हणून एवढा खटाटोप. उद्घाटनाला मी सगळ्यांसमोर चालू राऊटरची वायर उपटली. काम थांबलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा कुणाला सुचतं?

यंत्रांची खोली सांभाळणाऱ्या शिपाईकाकांनी विचारलं होतं, "हे दुसरं कायले पायजे साहेब?"

"अडीनडीला लागेल, काका," मी म्हणालो आणि पुढचं समजावून सांगायचा कंटाळा केला.

नंतर त्या रस्त्याने जाताना एकदा डोकावून यावं असं वाटायचं. सुरळीत चाललंय ना, मग कशाला, म्हणून मी कधी थांबलो नाही.

एका दुपारी आईच्या छातीत दुखू लागलं. तिला मी तिथंच नेलं. बाईंनी वायरी लावून ईसीजी काढला, तेवढ्यात लाईट गेली आणि अशी जोरात आली की दिवे भगभगले. ईसीजी जाईना. मोबाइलचा टॉवर तर लाईट गेली की सगळ्यांच्या आधी झोपतो.

"तुमचं दुसरं आहे ना?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

मी उठलो. आई घामाने भिजली होती. "बस ना इथं," ती म्हणाली. "काऊन धावून राह्यला?"

"आलोच."

खोलीत जळका वास होता. पहिला राऊटर गेला होता. दुसरा वरच्या फळीवर, कोऱ्या टॉवेलात गुंडाळून सुतळीने बांधलेला. शिपाईकाका मागून आले. "बिनकामाचा गरम होऊन राह्यला होता. गरजेच्या वक्ताले नवा पायजे, म्हून जपून ठेवला जी."

आमच्याकडे घरोघरी पाहुण्यांच्या कपबश्या अशाच ठेवलेल्या असतात. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, पण चूक कुणाची ते मला ठाऊक होतं. सुतळीची गाठ सुटेना, शेवटी दातांनी तोडली. वायरी जोडल्या. त्याला सुरू व्हायला चार मिनिटं लागतात. तेवढ्यात आईजवळ जाऊन येता आलं असतं. मी गेलो नाही. नजर हटवली तर हाही बंद पडेल, अशी भीती मनात बसली होती.

दिवा हिरवा झाला. ईसीजी गेला, तज्ज्ञांचा होकारही लगेच आला. मी धावत बाहेर आलो, तर बाईंनी भरलेलं इंजेक्शन तसंच ट्रेमध्ये ठेवलं होतं आणि आईच्या छातीवरच्या वायरी काढत होत्या.

"तीनदा हाक मारली तुमाले तुमच्या मायनं," नर्स हळूच म्हणाली.

मध्ये एकच भिंत होती. मला काही ऐकू आलं नव्हतं.