लतिकाची सवत

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या मराठी मंडळात संग्राम खापरेला ओळखत नाही असा माणूस नाही, आणि त्याच्या नावाला शोभेल असं एखादं कृत्य त्याच्या हातून झाल्याचं कुणाला आठवतही नाही. घरात कोळी निघाला तर तो बायकोला, लतिकाला, हाक मारतो. माणूस मूळचा नागपूरचा, नोकरी दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची. तिथे मात्र त्याची नजर घारीची.

अशा या माणसाला वेड लागलं ते हत्तिणीचं. नामिबियातल्या एका राष्ट्रीय उद्यानात पाणवठ्यावर कॅमेरा बसवलेला आहे. तिथे कोण पाणी प्यायला येतं ते घरबसल्या बघता येतं. संग्रामला हे कळलं आणि लॅपटॉपशेजारचा दुसरा स्क्रीन कायमचा आफ्रिकेत गेला. तिथे डावा कान फाटलेली एक थोराड हत्तीण यायची. ती आली की बाकीचे हत्ती निमूट बाजूला सरायचे. संग्रामनं तिचं नाव ठेवलं ठकूबाई. लतिकानं ठेवलं सवत. सवत आली का पाण्याला, असं ती स्वयंपाकघरातून रोज विचारायची. एकदा ऑफिसच्या मीटिंगमध्ये चुकीचा स्क्रीन शेअर झाला आणि अख्ख्या टीमनं ठकूबाईची आंघोळ पाहिली. तेव्हापासून मॅनेजरही तिची खुशाली विचारतो.

प्रत्यक्ष जायचं म्हटलं तर व्हिसा आडवा यायचा. देशाबाहेर पडलं की परतायला नवा शिक्का हवा, आणि तो अडकला तर नोकरी, घर, लेकीची शाळा सगळंच टांगणीला. याच धास्तीनं संग्राम सख्ख्या भाच्याच्या लग्नाला गेला नव्हता; हत्तिणीला भेटायला कुठून जाणार? वर्षं गेली. ठकूबाईची चाल मंदावली, ती कळपाच्या मागे पडू लागली. ग्रीन कार्ड येईपर्यंत ही राहते की नाही, या विचारानं संग्रामचा जीव खालीवर व्हायचा. बोलून दाखवायची सोय नव्हती, घरात हसं झालं असतं.

यंदा एकदाचं कार्ड आलं. लतिकानं सोबत यायला साफ नकार दिला. सवतीच्या घरी मी पाहुणी म्हणून जाणार नाही, असं म्हणत तिनं त्याच्या बॅगेत भडंग भरून दिलं.

पाणवठ्यावर झेब्रे आले, जिराफ आले, एके दिवशी सिंहसुद्धा आला. संग्रामनं त्या सगळ्यांना पाहुण्यांसारखं आदरानं पाहिलं आणि पुन्हा झुडपांकडे डोळे लावले. ठकूबाई काही आली नाही. बघता बघता शेवटचा दिवस उजाडला. त्या दुपारी कॅमेऱ्यासमोर उभं राहून हात करायचं घरी कबूल केलेलं होतं. मॉरिसव्हिलला तेव्हा शनिवारची सकाळ. लतिकानं अर्ध्या मंडळाला उपम्याला बोलावून टीव्हीसमोर बसवलं होतं.

कॅमेऱ्याच्या चित्रात एका कोपऱ्यात पाहुण्यांसाठी बांधलेल्या बुटक्या भिंतीचं टोक दिसतं. तिथे कॅमेऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं की पाणी पाठीशी येतं. संग्राम जड मनानं तिथे गेला. शांतता पाळा, अशी पाटी होती म्हणून त्यानं फोनचा आवाज बंद केला आणि हात हलवायला लागला.

खिशात फोन थरथरला. दिसलो वाटतं, असं त्याच्या मनात आलं. फोन पुन्हा थरथरला, मग थांबेचना. अख्खं मंडळ आपलं कौतुक करतंय म्हटल्यावर संग्रामची कळी खुलली. त्यानं दोन्ही हात हलवले, टोपी काढून मुजरा केला. लांबच्या बाकावरून एक जर्मन आजोबा हातवारे करत होते, त्यांनाही नमस्कार केला. शेवटी आजोबा उठून आले, त्यांनी त्याचे खांदे धरले आणि त्याला मागे फिरवलं.

ठकूबाई पाणी पिऊन निघाली होती. फाटका कान क्षणभर दिसला, मग नुसती पाठ, मग शेपूट, मग काटेरी झुडपं. एवढं मोठं जनावर आलं, उभं राहिलं आणि गेलं, पण पावलाचा आवाज म्हणून आला नव्हता.

संग्रामनं फोन काढला. सगळ्यांचा निरोप एकच होता: मागे बघ. लेकीनं, सावनीनं, तो इंग्रजीत पाठवला होता, तोही पुन्हा पुन्हा. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात जन्म गेलेल्या माणसाला स्वतःची एवढी ढळढळीत चूक बघून रडू यायचं तेवढं बाकी होतं. पाणवठ्यापासून लांब जाऊन त्यानं घरी फोन लावला.

टीव्हीवर ओरडून ओरडून लतिकाचा आवाज बसला होता.

"तुझ्याकडेच बघत होती रे ती," ती म्हणाली. "सोंड वर करून तुझा वास घेत होती. मी पाहिलं ना." आणि इतकी वर्षं सवत सवत करणारी ही बाई फोनवर चक्क मुसमुसायला लागली.



"पुढच्या वर्षी मी पण येते," जरा सावरून ती म्हणाली. "तुला मागे फिरवायला त्या बिचाऱ्या आजोबांना कशाला त्रास?"

"म्हातारी झालीय ती, लतिका. पुढच्या वर्षी नसली तर?" जे इतकी वर्षं बोलला नव्हता, ते तो आज बोलून गेला.

"असेल," लतिका म्हणाली. "सवती इतक्या लवकर जात नसतात."