न कापलेल्या बोटाची पट्टी

रेवा, निहार, आमच्या कारखान्यातल्या अक्का न कापलेल्या बोटाला पट्टी बांधत. तीही इतकी नीट, की बघणाऱ्याच्या तोंडून हळहळ निघावी.

नगरच्या एमआयडीसीत आमच्याकडे पत्र्याचे सुटे भाग बनत. अक्का मूळच्या जामखेडच्या, कारखान्याच्या दवाखान्यातल्या नर्स. दर गुरुवारी दवाखान्यामागच्या खोलीत एक समुपदेशक येत. झोप उडालेल्याने, घरात बिनसलेल्याने, दारू सुटत नसलेल्याने तिथे जाऊन बोलावं. पण बाहेर आलेल्याला प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या मशीनांच्या विभागात, ऐकावं लागे, "काय रे, डोक्याचा स्क्रू आवळून आलास व्हय?" म्हणून आत जाणाऱ्याच्या बोटाला अक्का आधी पट्टी बांधत. "कुनी इचारलं तर सांग, पत्रा लागला."

घोळ मी केला. नोंदी ठेवणं माझं काम. अपघाताच्या वहीत जखम नाही, आणि पट्ट्या मात्र गुरुवारीच संपतात, हे मी मासिक अहवालात लाल शाईने अधोरेखित केलं.

साहेबांनी अक्कांना आणि मला बोलावलं. बिंग फुटलं.

"त्या खोलीवर खर्च होतो, मिळतं काय?" साहेब म्हणाले. "कोण कोण येतं त्याची यादी द्या. नाहीतर खोली बंद."

अक्का उठून गेल्या आणि कपाटात जपलेला फुटक्या डायचा, पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याचा, तुकडा आणून त्यांनी टेबलावर आदळला. "वळखलं का साहेब? मशीनवरच्या मानसाला तीन दिस झोप नव्हती. पत्रा तिरका बसला, डाय फुटली, लाइन उभी ऱ्हायली. तवा खर्च न्हाई झाला? नावं मी मरेस्तवर द्यायची न्हाई. आकडे पायजेत तर ह्या बाई काढतील. त्यांना लई हौस हाय."

टोमणा मला होता आणि रास्त होता. खोली सुरू होण्याआधीचं वर्ष आणि नंतरचं वर्ष मी शेजारी शेजारी मांडलं: खाडे, भंगारात गेलेला माल, मशीन बंद पडल्याचे तास. नाव एकही नाही. वाचलेली रक्कम समुपदेशकांच्या फीपेक्षा बरीच मोठी निघाली. साहेबांनी कागद दोनदा वाचला. खोली राहिली.

"दुखन्याची किंमत करावी लागली," अक्का बाहेर येऊन म्हणाल्या. "पर बरी केली, बाई."

तुमचे आजोबा गेले त्या वर्षी मी एकाच पानाकडे तासभर बघत बसे. एका गुरुवारी मीच त्या खोलीच्या दाराशी गेले. अक्कांनी न विचारता बांधायला पट्टी काढली. मी हात मागे घेतला.

"लोकं बोलतील," अक्का म्हणाल्या.

"बोलू देत."

परतायला मागचं दारही होतं. पण मी प्रेस शॉपच्या मधोमधून गेले, दोन्ही हात मोकळे. पुढच्या गुरुवारी प्रेसवरच्या एकाने अक्कांना सांगितलं, "बाईंना न्हाई, तर मलाबी नको." हळूहळू पट्ट्या उरू लागल्या.

अक्का यंदा गेल्या. फुटक्या डायचा तो तुकडा माझ्या टेबलावर आहे.

रेवा, तुझ्या ऑफिसातही अशी सोय आहे, पण गेलं तर शिक्का बसेल, असं तू परवा फोनवर म्हणालीस. कंपनीने ती उपकार म्हणून ठेवलेली नाही. हिशेब करूनच ठेवली आहे. तू जा. पुढच्या दाराने जा, आणि बोटाला काही बांधू नकोस.