आत्याचं स्वच्छ तळं

माझ्या आत्याच्या घरात चपला बाहेर काढून आणि जीव मुठीत धरून शिरावं लागे. फरशीवर पाण्याचा थेंब सांडला तरी तिच्या कपाळाला आठी. अशा बाईला नोकरी लागली ती गुहेत झाडू मारायची.

गुहेच्या तळाशी, जिथे प्रवाशांसाठी लावलेले दिवे पोचत नव्हते, तिथे एक लहानसं तळं होतं. त्यात बोटाएवढे मासे. अंगाला रंग नाही, आतल्या रक्तामुळे फिकट गुलाबी दिसायचे, आणि डोळ्यांच्या जागी नुसती कातडी. पाणी जरा हललं तरी त्यांना अंगानेच कळायचं. आत्याने बोट बुडवलं की सगळे धावत येऊन बोटाला तोंड लावायचे. मूलबाळ नसलेली आत्या विरघळून जायची.

"दिसत नाही त्यांना, पण आपलं माणूस बरोबर ओळखतात," ती सांगायची. आम्ही हसायचो. तिला त्याचं काहीच नव्हतं.

तळ्यावरच्या कपारीत वटवाघळं लटकायची आणि त्यांची घाण पाण्यात पडायची. लेकरांच्या पाण्यात घाण, हे आत्याला कसं खपावं? तिने कपारीखाली प्लास्टिकचा कागद ताणून बांधला. रोज तो खरवडायची, धुवायची, परत बांधायची. वरिष्ठांनी सांगितलं नव्हतं, पण हात शिवशिवायचे तिचे. पाणी काचेसारखं नितळ झालं. पुढे मासे कमी दिसायला लागले, तेव्हा सफाईच कमी पडतेय असं वाटून ती पाणी फडक्याने गाळूही लागली.

मग माशांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आल्या. तळं दाखवायला आत्या आणि टॉर्च धरायला मी, असे आम्ही दोघं सोबत होतो. बाईंनी आधी तळं पाहिलं, मग वरचा कागद पाहिला, आणि त्या खालीच बसल्या.

"इथे ऊन नाही, म्हणून शेवाळ नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "वटवाघळांच्या घाणीवर बारीक किडे वाढतात. मासे तेच खातात."

"मग बोटाला यायचे ते कशाला?" आत्याने विचारलं.

"पाणी हललं म्हणजे खाणं पडलं, एवढंच त्यांना कळतं."

आत्याने कागद सोडवून घडी घातली. मला तिच्याकडे बघवेना.

"तुम्हाला कुठे माहीत होतं?" बाई म्हणाल्या.

"मला नव्हतं माहीत," आत्या म्हणाली. "पण लेकरं रोज बोटाशी येऊन सांगत होती, भूक लागलीय म्हणून. आणि मी लाड समजत होते."